मीठ कोणी घातलं

जेवणं आटोपली होती. लंडनमधल्या हॅरोच्या घरात मुलं रजया पांघरून बसली, तेव्हा श्रीनिवासकाकांनी दिवा मालवला. ही गोष्ट ग्लासगोच्या त्यांच्या मित्राच्या, उदयच्या बाबतीत घडलेली आहे, म्हणाले. जपानी आचाऱ्याचं भूत म्हटल्यावर मीनलनं विचारलंच, "काका, त्याला स्कॉटलंडचा व्हिसा कोणी दिला?"

काका हसले नाहीत.

ग्लासगोच्या उत्तरेला, तळ्याकाठी, एका जपान्यानं आपल्या देशातल्यासारखं अतिथिगृह काढलं होतं. चटयांच्या खोल्या, कागदी दारं. मुख्य आचारी मोरिता, डावखुरे. हाताखालचा उदय उजव्या हाताचा; त्याला त्यांनीच घडवलं. पहिल्याच दिवशी बजावलं होतं, दुसऱ्याच्या सुरीला हात लावायचा नाही, तो मेला तरी. त्या सुऱ्यांना एकाच अंगानं धार असते. उजव्या हाताची सुरी डाव्याच्या कामाची नाही.

पुढे मोरितांच्या जिभेची चव गेली. हे फक्त उदयला ठाऊक. सूप झालं की ते पाठमोरे उभे राहून हळूच म्हणत, "उदय, चव बघ." आणि उदय गुपचूप बघायचा.

एकदा उदय बाहेर ताटं लावत असताना त्यांनी स्वतःच मीठ घातलं. पाहुण्यांनी वाट्या परत पाठवल्या. मालकानं जाब विचारला, तेव्हा मोरितांनी उदयकडे बोट दाखवलं. तो तसाच, अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडला. त्याची सुरी तिथंच खुंटीला राहिली.

चौऱ्याण्णवच्या वसंतात मोरिता वारले. अतिथिगृह बंद पडलं. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी उदय सुरी आणायला निघाला. चावी गावातल्या पोस्टात मिळाली. तो पोचला तेव्हा साडेचारलाच काळोख पडला होता. वीज तोडलेली.

स्वयंपाकघरात टॉर्चच्या उजेडात त्यानं सुरीची खुंटी पाहिली. सुरी नव्हती.

मोरीकडून आवाज आला. ओल्या दगडावर पातं घासल्याचा. सावकाश... पुन्हा...

टॉर्च तिकडे वळवणं त्याला जमलं नाही.

आवाज थांबला. ओट्यावर वाटी ठेवली गेली. गरम सुपाचा वास.

"उदय, चव बघ."

त्याला सूप नको होतं. खरं तर सुरीही नको होती. एक वाक्य हवं होतं.

"आधी सांगा. मीठ कोणी घातलं?"

...

वाटीला त्यानं हात लावला नाही.

...

मग ओट्यावरून काहीतरी सरकत आलं, त्याच्या बोटांना टेकलं. फडक्यात गुंडाळलेलं. ते उचलून तो धावत सुटला.

मीनलनंच हलकेच विचारलं, "त्याचीच सुरी होती?"

"त्याचीच. मुठीवर त्यानं स्वतः कोरलेलं नाव. घरी येऊन उघडली तेव्हा फडकं ओलं होतं. पातं घासून घासून निम्मं उरलेलं. इतकं झिजायला महिने लागतात. उदयनं काकडी कापायला घेतली, तर पातं तिरकं बाहेर निघालं."

काकांनी अंधारात आपला डावा हात वर केला.

"धार या हाताची होती."