पोटावरचं पाणी

टँकरच्या गळक्या नळाखाली डबकं साचलं होतं आणि त्यात रोज सकाळी पारव्यासारखी दिसणारी एक पखुर्डी पोट बुडवून बसायची. खरं तर बसायचा; नर होता तो. पाणी पिऊन झालं तरी उठायचा नाही. पिसं चांगली भिजली की भुर्रकन उडून जायचा.

त्याला उकडत असणार, असं ताईचं मत. उकडतं तर मामालाही, पण तो कुठे डबक्यात बसतो, असं दादाचं. धाकट्या भावाला, बटाट्याला मात्र मामाला तसं बसलेलं बघायचं होतं.

मामा त्या वाळवंटी माळावर रस्ता बांधत होता. त्याचा रोलरवाला कानांत कापूस घालायचा आणि समोर रोवलेला लाल झेंडा गाठायचा. बाकी जगाशी त्याचं देणंघेणं नव्हतं.

त्या सकाळी तिघं पक्ष्यामागे धावली. तो झेंड्याच्या अलीकडे खड्यांत उतरला. सगळ्यांत पुढे असलेला बटाट्या जागीच थिजला. त्याच्या पायांजवळचे खडे चालू लागले होते! ती पिल्लं होती. बापाच्या पोटाखाली शिरून ती भिजल्या पिसांतलं पाणी चोखू लागली.

एवढ्यात जमीन थरथरली. बाप उडाला. पिल्लं जमिनीला चिकटली आणि पुन्हा खडे झाली. कुठला खडा आणि कुठलं पिल्लू, काही कळेना.

"पाय उचलू नकोस," ताई म्हणाली.

"मी नाही उचलत," बटाट्याचा आवाज चिरकला. "पण तो येतोय ना."

रोलरचं लोखंडी चाक बटाट्याहून उंच होतं. त्याच्याआडून तो दिसणार कसा? दादाने हात हलवून बोंब मारली. रोलरवाल्यानेही प्रेमाने हात हलवला. चाक जवळ आलं. बटाट्याने डोळे गच्च मिटले.

ताईने झेंडा उपटला आणि बाजूला पळत सुटली.

रोलर वळला. झेंडा पळतोय याचं रोलरवाल्याला जराही नवल वाटलं नाही. मामाच्या तंबूपाशी ताई धापा टाकत थांबली, तेव्हा तोही थांबला. वाटेत आलेली मामाची खुर्ची चटईसारखी सपाट झाली होती.

मामा ओरडतच बटाट्यापाशी आला आणि एक खडा डोळे मिचकावतोय हे पाहून थबकला. जपून पाऊल टाकत त्याने बटाट्याला उचललं.

"झेंडे मी जीपमध्ये बसूनच रोवून घेतले," तो म्हणाला. "उतरून बघितलंच नाही. पोरांनो, आज तुम्ही लाज राखलीत."

रस्त्याला तिथे वळण पडलं. गळका नळ तसाच ठेवायचा हुकूम निघाला.

दुसऱ्या दिवशी मामा पखुर्डीला जवळून बघायला डबक्यापाशी वाकला आणि घसरला. बटाट्याची इच्छा पूर्ण झाली.