पट्ट्याच्या सकाळी उपटलेली बाग

सकाळी साडेसहाला राखी धापा टाकत कुसुमबाईंच्या दाराशी आली.

"मावशी, चला लवकर. बागेत काहीच नाही राहिलं!"

जबलपूरच्या फॅक्टरी क्वार्टरांमागची ती जागा सरकारी. एके काळी तिथं उकिरडा होता. पंधरा वर्षांपासून सतरा घरं तिथं भाजी पिकवत होती. आता नवा नागरी शेती कायदा आला होता. शहरात स्वतःचं पक्कं घर नसलेल्या कसणाऱ्यांना अशा जागेचा दहा वर्षांचा पट्टा, म्हणजे कसायचा लेखी हक्क, मिळणार होता. पाहणीच्या दिवशी जमीन लागवडीखाली नसली, तर मात्र जागा पार्किंगला जाणार होती.

पाहणी आजच होती. अकरा वाजता.

बागेत वांगी, टमाटर, भेंडी, सगळं उपटून कुंपणाशी फेकलेलं होतं. गुलाबराव डोकं धरून बसले होते. बाग त्यांनीच सुरू केलेली. रिटायर झाल्यावर त्यांनी पाटन रोडला घर बांधलं, तरी रोज सायकलनं यायचे.

"हे त्या श्रीरंगचंच काम," ते म्हणाले. "लॉनच्या पार्किंगसाठी टपून बसला आहे तो."

भिंतीपलीकडच्या लग्नाच्या लॉनचा मालक श्रीरंग गलका ऐकून आलाच होता.

कुसुमबाईंनी तीस वर्षं फॅक्टरीच्या गेटवर बायांच्या पिशव्या तपासल्या होत्या. त्या आवाज न चढवता बोलल्या.

"श्रीरंग भैया, काल कुठं होता?"

"लॉनवर लग्न होतं. चारशे लोकांनी पाहिलं मला. आत्ता विदाई झाली."

"अन् तुझी माणसं?"

"देखो बाई, जागा मला पाहिजे, खोटं काहून बोलू? पण कागदानं घेईन. माझे लोक आले असते तर बुटांनी तुडवून गेले असते. इथं तर एकेक रोप मुळासकट काढलं आहे."

कुसुमबाई वाकल्या. ओल्या मातीत मोठ्या चपलांचे ठसे होते. बागेच्या दारापासून कोपऱ्यातल्या नळाकडे सरळ निघालेले. मधेच त्यांनी एका मोकळ्या, सपाट तुकड्याला वळसा घातला होता आणि पुढं ते पुन्हा सरळ झाले होते.

"राखी, काल तू इथून किती वाजता गेली?"

"पाच वाजता. सगळेच गेलो ना पट्ट्याची यादी बघायला. सोळा घरांची नावं आली, मावशी!"

"अच्छा. आता दारापासून नळाकडे जा बरं."

राखी निघाली. ती त्या मोकळ्या तुकड्यावरून सरळ चालत गेली.

"बस," कुसुमबाई म्हणाल्या. त्या गुलाबरावांकडे वळल्या. "ती जिथून गेली, तिथं काल यादी बघून आल्यावर मेथी टाकली आहे. वरून फळीनं दाबली, म्हणून वाटेसारखी दिसून राहिली. नवा माणूस राखीसारखाच चालला असता. हा माणूस बाग मोडायला आला, पण पेरलेल्यावर पाय द्यायचं त्याच्या पायाला जमलं नाही. मेथी टाकली तेव्हा इथं दोघंच होतो, भाऊ. तुम्ही अन् मी."

"मग तू नसशील कशावरून?"

"या ठशात माझे दोन्ही पाय बसतील. अन् यादीत माझं नाव आहे. सतरा घरांतली सोळा आली. राहिलं ते तुमचं."

गुलाबराव ताडकन उठले. "उकिरडा मी उपसला! या हातांनी! अन् घर बांधलं म्हणून मीच बाहेर?"

"हे काल बोलले असते, तर तुमच्या नावासाठी आम्ही सगळे भोपाळपर्यंत भांडायला आलो असतो. तुम्ही आमच्याच मुळावर उठले."

गुलाबराव सायकलकडे वळले.

"तुमच्यावर तक्रार करायची का, ते संध्याकाळी बैठकीत ठरवू. आता दाराबाहेर व्हा," कुसुमबाई म्हणाल्या. मग गलका ऐकून जमलेल्या बाकी घरांकडे वळून त्यांनी पदर खोचला. "तोंडं काय पाहता? मुळं ओली आहेत अजून. चलो, खुरपी घ्या!"

अकराला पाहणी अधिकारी अपूर्व आला, तेव्हा सोळा घरांची माणसं चिखलात उकिडवी बसली होती. परत लावलेल्या वांग्यांनी माना टाकल्या होत्या.

"ही तर मरायला टेकली," तो म्हणाला. "मी काय लिहू?"

"लागवडीखाली लिहा. कायद्यात तेवढंच आहे. रोप किती ताठ पाहिजे, ते कुठं लिहिलं आहे दाखवा."

अपूर्वने कागद दोनदा उलटले. तसं काही नव्हतं.

"आणि दोन दिवसांत वाळली तर?"

"तिसऱ्या दिवशी नवी लावू. तुम्ही पुन्हा बघायला या. आम्ही कुठं जाऊन राहिलो?"

कुसुमबाईंनी त्याच्या पिशवीतून टेप ओढून काढला आणि एक टोक त्याच्या हातात दिलं.

"धरा. कुंपणापासून मापा."