दवाखाना विकला, डॉक्टर नाही

"जरा धरता का हिला?" असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी दारातल्या माणसाच्या हातात पोर दिलीसुद्धा. जुळ्यांना घेऊन आई एकटीच आली होती, आणि दोघींनी एकदमच भोकाड पसरलं होतं.

त्यानं निमूट धरली. पोरीनं त्याचा टाय तोंडात कोंबला आणि… चक्क गप्प झाली.

"वा! टायचाही उपयोग असतो तर," दुसरीला सुई टोचताना ती हसली. "तुमचं मूल कुठाय?"

"मूल नाही… लग्नच नाही." तो कानापर्यंत लाल झाला. "मी समूहाकडून आलोय."

तिचं हसू तिथंच मावळलं.

मुलांचा हा दवाखाना तिच्या आत्याचा. आत्यानं उभी हयात इथं घालवली. पण गुडघ्यांनी दगा दिला, आणि तिनं तो शहरभर शाखा असलेल्या एका वैद्यकीय समूहाला विकला. भाची डॉक्टर म्हणून तिथंच राहिली. आता दवाखाना समूहात सामावून घ्यायचं काम या टायवाल्याचं.

"सामावून म्हणजे गिळून ना?" तिनं विचारलं.

"गिळायचा असता तर आधी पाटी बदलली असती."

माणूस बोलतो बरा, तिच्या मनात आलं. त्याचाही तिला रागच आला.

मग फाइली संगणकात गेल्या, भिंती राखाडी झाल्या, आणि नियम आला – एका पेशंटला दहा मिनिटं. तिनं तो सरळ धाब्यावर बसवला.

"आईला धड रडून घ्यायलाच दहा मिनिटं लागतात," ती त्याच्यावर कडाडली. "मूल कधी तपासू?"

दुसऱ्या दिवशी संगणकाच्या पडद्यावरचं, दहा मिनिटं मोजणारं घड्याळ गायब!

"बिघडलंय," तो शांतपणे म्हणाला. "दुरुस्तीला वेळ लागेल."

"किती?"

"तुम्ही निवृत्त होईपर्यंत."

ती खळखळून हसली. तेव्हापासून संध्याकाळी दवाखाना बंद झाला तरी दोघांचे चहा संपेनात, आणि भांडणंही.

एका संध्याकाळी मात्र त्यानं चहाला हात लावला नाही. "दवाखाना बंद करून तुम्हाला मुख्य इमारतीत हलवायचं ठरलंय."

"कधी कळलं?"

"सकाळी."

"आणि आत्ता सांगताय?"

"तुम्ही हसत होतात… धीर झाला नाही."

ती ताडकन उठून घरी गेली. आत्या खाली मान घालून म्हणाली, "मीच विकला गं. आता कुठल्या तोंडानं बोलू?"

"तू दवाखाना विकलास आत्या, मला नाही!"

सकाळी ती बोलावणं नसताना मुख्य कचेरीत जाऊन धडकली. दार अर्धवट उघडं होतं. आत तो मोठ्या साहेबांशी वाद घालत होता, दवाखाना तिथंच राहू द्या म्हणून. ती दारातच थबकली.

"तुम्हाला कामाला पाठवलं होतं," साहेब म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाईंच्या नादी लागायला नाही."

ती आत शिरली.

"हलवलात तर नुसत्या खुर्च्या हलतील, साहेब. मी समोरच्या गल्लीत टेबल टाकून बसेन. मुलं तिथं येतील."

"आणि यांचं काय?"

"यांनाही नेणार. मला आवडतात ते."

तो तिच्याकडे बघतच राहिला… मग साहेबांकडे वळला. "राजीनामा आत्ता लिहू, की जेवणानंतर?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "जा दोघं इथून! वर्षभर राहू दे तो दवाखाना. मग बघू."

"वर्षानंतरही हेच ऐकाल," ती म्हणाली.

दोघं जिन्यात आले. त्यानं हात पुढे केला. तिनं धरला, आणि सोडला नाही.

"हे आधी मला तरी सांगायचंत," तो म्हणाला. "मी विचारणारच होतो… रोज ठरवत होतो."

"तुमच्या ठरवण्यावर राहिले असते, तर म्हातारी झाले असते."

"मग… आता विचारू?"

"विचार," ती म्हणाली. पहिल्यांदाच, एकेरीत.