बंबवाल्याचा कोट

माझ्या हाताने मेण चढवलेल्या गाडीवर किडा टिकत नाही. बसलाच तर घसरतो आणि माफी मागून पुढे जातो. हे मी छाती ठोकून सांगतो. आता त्याच मेणाचा डबा सांडला तेव्हा मी स्वतः अंगणात घसरलो आणि कितीतरी दिवस पालथा झोपलो, ते जाऊ द्या.

दिवा जरा इकडे सरकवा. खोटं बोलताना मी डावा डोळा बारीक करतो, असं आमची ताई म्हणते. तेव्हा बघत राहा.

शाळेचं आणि माझं कधी जमलं नाही, पण गाड्या रंगवण्यात हयात गेली. ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, आग विझवणारा बंब चालवायचे. सगळे त्यांना बंबवाला म्हणत. आपली स्वतःची जुनी गाडीही त्यांनी माझ्याकडून बंबासारखी लालभडक रंगवून घेतली होती. रंग कसला, जीव होता त्यांचा! संध्याकाळी पाणथळीच्या रस्त्याने जायचं झालं, की आपला जुना, जाडजूड, धुराचा वास मारणारा कोट ते गाडीच्या तोंडावर पसरून बांधायचे. कारण किडा वेगात आपटून फुटतो आणि त्याचा रस वाळला की रंग खातो. सुका पुसायला जावं तर पंख आणि तंगड्या काचपेपरसारखे ओरखडे काढतात. ओलं फडकं ठेवून धीर धरावा लागतो. दाजींना तेवढाही धीर नव्हता, म्हणून कोट.

"दाजी, गाडीला थंडी वाजते का?" मी दरवेळी विचारायचो.

"तुझ्या मेणापेक्षा माझा कोट बरा," ते दरवेळी म्हणायचे.

एवढ्या आगी पचवलेला माणूस, गेल्या साली साध्या तापाने गेला.

आणि यंदा त्यांची मुलगी, माझी भाची, त्यांच्याच अग्निशमन केंद्रावर अधिकारी म्हणून नेमली गेली. बाप जिथे बंब धूत होता, तिथे लेक हुकूम देणार! मी तर सकाळपासून दिसेल त्याला अडवून सांगत होतो. दूधवाल्याला दोनदा सांगितलं. संध्याकाळच्या हजेरीला तिने बाबांच्याच गाडीतून फाटकातून आत शिरायचं, दाजींचे जुने सोबती रांगेत उभे असणार, असं ठरलं होतं. ताईची एकच अट होती.

"त्यांच्या रंगावर एक ठिपका दिसता कामा नये," तिने कोट माझ्या हातात दिला. "लोक गाडीकडेच बघतील आधी. हा बांध, आणि आज तरी खोड्या करू नकोस."

"बांधला म्हणून समज," मी म्हणालो.

पण सकाळभर मी त्या गाडीवर मेणाचे थर चढवले होते. त्यावर कोट बांधायचा म्हणजे माझ्या कसबाचा अपमान. मग मी काय केलं? न्हाणीघरात खुंटीला कोट टांगला, बाह्या पुढे काढल्या, वर दाजींचं शिरस्त्राण ठेवलं. ताई हातपाय धुवायला गेली की कशी किंचाळेल, या विचाराने मला गाडीत बसतानाच हसू फुटत होतं.

"मामा, कोट बांधलात?" भाचीने स्टिअरिंग धरत विचारलं.

"घट्ट," मी म्हणालो. डावा डोळा तिच्या बाजूला नव्हता.

माझ्या चकाकीच्या नादात निघायलाच उशीर झाला. पाणथळ आली तेव्हा सूर्य बुडायला टेकला होता. दोन्ही बाजूंना काळं, स्थिर पाणी, उंच गवत आणि कुजक्या पानांचा वास. दिवे लावले आणि समोरची हवा जिवंत झाली. चिलटं, पाकोळ्या, भुंगे... टप, टप, टपटपटप. काच बघता बघता भरली. वायपरने तर नुसतं लोणी फासल्यासारखं केलं.

मेणावरून किडा लवकर निघतो, हे खरं. पण निघायला पाणी लागतं, वेळ लागतो. पाणथळ संपली की लगेच केंद्र, आणि हजेरी कुणासाठी थांबत नाही. पहिल्याच दिवशी पोरगी चिखलात लोळलेल्या म्हशीसारखी गाडी घेऊन आत जाणार, आणि तेही माझ्यामुळे.

तेवढ्यात गाडी पुढून किंचित दबली. कुणी बॉनेटवर हलकेच ओणवं व्हावं, तशी.

आणि बॉनेटवरची टपटप थांबली. दिव्यांच्या उजेडात किडे तसेच येत होते, काचेवर आपटत होते... पण बॉनेटवर त्यांचा आवाज नाही. होता तो दुसराच. टिक... टिक... पत्र्यावर पितळ वाजावं तसा.

"मामा, कोटाचं बकल वाजतंय," भाची हळूच म्हणाली. "तुम्ही सैल बांधलाय."

मी मान पुढे काढून बघितलं. बरबटलेल्या काचेतून धड काही दिसेना.

"आणि धुराचा वास... बाबांच्या कोटाचाच ना?" तिचा आवाज ओला झाला होता. "बरं वाटतंय हो, मामा. ते सोबत आल्यासारखं."

खिडक्यांच्या काचा बंद होत्या. तरी वास येत होता.

पाणथळ संपली. गाडी पुढून पुन्हा वर उचलली गेली. केंद्राच्या अलीकडे मी "थांब" म्हणालो आणि ओलं फडकं, पाण्याची बाटली घेऊन खाली उतरलो.

काच, आरसे, छताची कड, सगळं किड्यांनी बरबटलेलं. पण गाडीचं तोंड आणि बॉनेट लखलखीत लाल. त्या लालाला आकार होता. मधे रुंद पाठ, दोन्हीकडे पसरलेल्या बाह्या, कडेने किड्यांची काळपट झालर. आणि बाह्यांच्या टोकांना, मडगार्डवर, दोन पंजे. बोटं फाकवून रंगाला घट्ट धरलेले. कोटाचे बंद बांधलेले मी कितीतरी वर्षं पाहिलेत. कोटाला बोटं नसतात.

भाची उतरायच्या आत मी झालर पुसली, मग छताची कड, आरसे आणि काच. सगळं अजून ओलं होतं, पटकन निघालं.

"कोट सोडलातही?" तिने विचारलं.

"सोडला," मी म्हणालो.

मग गाडी फाटकातून आत शिरली. दोन्ही बाजूंना माणसं ताठ उभी. पोरगी उतरली, टोपी नीट केली, आणि एवढा कडक सलाम झाला की माझीच पाठ सरळ झाली. त्या क्षणी मी भ्यायचंसुद्धा विसरलो, शपथ. दाजींचा पांढऱ्या मिशांचा जोडीदार गाडीजवळ आला, बॉनेटवरून हात फिरवून म्हणाला, "रंग छान राखलाय हो. एक ठिपका नाही."

"माझं मेण," मी छाती फुगवली.

त्याने हाताचा वास घेतला आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी बाजूला जाऊन ताईला फोन लावला.

"गेली आत?" तिने आधी तेच विचारलं. "रंगाला काही?"

"एक ठिपका नाही, ताई. सगळे गाडीकडे आणि तिच्याकडेच बघत होते."

पलीकडे ती रडली. थोडा वेळ रडू दिलं. मग मी हळूच म्हणालो, "ताई... न्हाणीघरात गेली होतीस?"

"गेले होते. आणि मुळीच घाबरले नाही, तुझे चाळे मी लहानपणापासून ओळखते," ताई नाक ओढत म्हणाली. "कोट टांगलास, वर शिरस्त्राण ठेवलंस, ते ठीक. पण त्यांच्या कोटावर एवढे किडे कशाला रे चिकटवलेस? आणि चिकटवायचेच होते तर मेलेले तरी चिकटवायचेस, मेल्या. अर्धे अजून पंख हलवताहेत!"