पह्यले गाडीले

ही घटना खरी आहे. यात खोटं फक्त मी बोललो होतो. तेवढं जागोजागी दुरुस्त केलंय.

बारा मे. दुपारचे दोन. तेल्हारा-अकोला रस्ता.

किसनकाकांच्या छातीत कळा येत होत्या. मी त्यांना त्यांच्याच गाडीतून दवाखान्यात नेत होतो. काका मागच्या सीटवर आडवे.

गाडीला ते बैलासारखं जपायचे. चालवायचो मी. रोज सकाळी मला विचारायचे, "श्याम, गाडीले पाजलं का?"

"पाजलं ना काका. कूलंट टाकलं."

खोटं.

मी बोअरचं पाणी ओतत होतो. आमच्या खारपाण पट्ट्यातलं, गुरंही तोंड लावत नाहीत असलं. क्षार बसून रेडिएटर चोक होईल, असं मेकॅनिकने बजावलं होतं.

अर्ध्या वाटेत इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर गेला. वाफ. गाडी बंद.

सावली नाही. रेंज नाही. पाण्याची एकच बाटली.

काकांच्या तेरवीला त्यांच्या बायकोने, पार्बताकाकूंनी विचारलं, "त्याईच्या तोंडात पानी गेलं ना रे?"

मी म्हणालो, "हो. मीच पाजलं."

हेही खोटं. झालं ते असं...

"घोटभर पानी दे रे बापू."

"थांबा काका. पह्यले गाडीले."

अख्खी बाटली ओतली. रेडिएटर फुटला होता; पाणी खालून गळलं. डांबरावर वाळलं.

मागे वळलो तेव्हा...

काकांचं तोंड उघडं होतं. कोरडं.

आता रेडिएटर नवा आहे. संध्याकाळी खुणेपर्यंत हिरवं कूलंट भरतो.

सकाळी कूलंटची टाकी... रिकामी.

खाली थेंब नाही. मेकॅनिकने दोनदा प्रेशर लावून पाहिलं. लीक नाही.

मागच्या सीटवर मी पाण्याची बाटली ठेवतो. ती भरलेलीच राहते.

गेल्या सोमवारी काकूंना अकोल्याला नेत होतो. त्या मागे बसल्या होत्या. भर दुपार. बरोबर त्याच जागी त्यांनी बाटली उघडली. ओठांपाशी नेली...

थांबल्या.

"काहून रे श्याम... 'पह्यले गाडीले' कोन म्हनलं?"

गाडीत आम्ही दोघंच होतो.

"रेडिओ असन, काकू."

काकांनी गाडीत रेडिओ बसवलाच नव्हता. काकूंना ते माहीत आहे.

त्यांनी झाकण लावलं. बाटली पुढे, माझ्या बाजूच्या सीटवर ठेवली.

अकोल्यापर्यंत दोघांपैकी कोणीच पाणी प्यायलं नाही.

काकूंनी अजून काही विचारलेलं नाही.