चिमटीत न आलेलं नाक

बसा, पण मधे कुणी शिंकायचं नाही. गोष्ट नाकाची आहे, आणि नाकाला राग फार.

तर दहाव्या दिवशी दुपारी सलूनवाला दुकान झाडायला खाली उतरला. एवढंच काम. घर वर, दुकान खाली, मधे चौदा पायऱ्या. सातव्या पायरीवर तो बसला. पन्नाशीचा गडी, पण गुडघ्यांत वारं शिरल्यासारखं झालेलं. वरून थोरली बहीण ओरडली, "बाळ्या, काय घाई आहे रे? दुकान काय पळून जातंय?"

"दुकान नाही गं ताई, गिऱ्हाईक पळतंय," तो म्हणाला, आणि उरलेल्या सात उतरला.

आता हा थकवा कसला, ते सांगतो. हसलात तरी चालेल, गल्लीही हसायचीच.

या सलूनवाल्याला गल्ली नाकाड्या म्हणायची. त्याच्या बापालाही नाकाड्याच. बाप कोपऱ्यावर वळायचा त्याच्या आधी त्याचं नाक वळायचं. तेच नाक पोराला, तेच ताईला. म्हातारपणी बापाचे डोळे गेले, तरी वस्तरा सुटला नाही. मिशीखालचं काढताना गिऱ्हाइकाचं नाक दोन बोटांच्या चिमटीत धरून जरा वर करावं लागतं. जन्मभर नाकं धरून म्हाताऱ्याला गल्लीतलं एकेक नाक पाठ झालेलं. धरलं की नाव सांगायचा. घरातसुद्धा पोरं समोर आली की आधी नाक चाचपणार, मग बोलणार, "हां. माझंच आहे." त्याला जाऊन अकरा वर्षं झाली.

पोराचं मात्र वेगळं. दुकानात समोरासमोर दोन आरसे. तीस वर्षं रोज सकाळपासून पुढून नाक, मागून नाक, बाजूनं नाक. त्यात एका टग्यानं दाढी करून घेता घेता मोबाईलवर त्याचा फोटो काढला, खाली काहीतरी लिहिलं, आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या गल्लीभर फिरला. सलूनवालाही हसला. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला. आणि महिन्याभरानं, नवीन मशीन शिकायला जातो असं सांगून परगावी गेला आणि नाक कापून आला. लोक वाईट वागून घराण्याचं नाक कापतात. यानं डॉक्टरकडून, गुंगीचं औषध घेऊन, रीतसर कापून घेतलं.

ताईला सांगितलं, "बसमधून उतरताना तोंडावर पडलो."

खरं कसं सांगणार? तेच नाक घेऊन ताई साठीला आली होती. आलेली सगळी स्थळं त्या नाकाला अडून परत गेली. आई नव्हती, म्हणून या धाकट्याला तिनंच वाढवलं. कुणी हसलं की म्हणायची, "बाबांचं आहे, उसनं नाही आणलेलं." अशा बाईपुढं कुठल्या तोंडानं सांगायचं, की मला माझ्या नाकाची लाज वाटली म्हणून?

डॉक्टरनं सांगितलं होतं, पंधरा-वीस दिवस अंगात त्राण नसणार, आडवं झोपायचं नाही, बसून झोपायचं. दात घासले की दम लागायचा. चार घास खाल्ले की डोळे मिटायचे. नाक बंद, त्यामुळे जेवण मातीसारखं. आणि ताई दिवसभर वरखाली. पाणी भरतेय, उशा लावतेय, त्याचे पाय चेपतेय. "नुसतं पडलास, त्याचा एवढा थकवा? आत काही फुटलं तर नाही ना रे?" असं विचारताना तिचे डोळे भरायचे. याला वाटायचं, खुर्चीसकट जमिनीत जावं.

चौथ्या दिवशी दुपारी खुर्चीत डुलकी लागली असताना कुणीतरी दोन बोटांनी तोंड चाचपलं. कपाळ, गाल... मग बोटं नाकापाशी थांबली. नाकापाशी म्हणजे, नाक पूर्वी जिथं संपायचं तिथं, पुढं हवेत. तिथं चिमूट मिटली. रिकामी. मग गेली.

"ताई, माझ्या तोंडाला हात लावलास?"

"मी इथं भांडी घासतेय रे, राखेचे हात तुला कशाला लावू?"

औषधाची गुंगी, म्हणून त्यानं सोडून दिलं. आता परत दहाव्या दिवशी, दुकानात या.

शटर त्यानं अर्धंच उघडलं. गल्ली जेवून निजलेली. चार झाडू मारले, बसला. परत चार मारले, परत बसला. शेवटी झाडू भिंतीला टेकवून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. पाच मिनिटं, म्हणाला, फक्त पाच मिनिटं.

जाग आली ती आवाजानं. कच... कच... कच. कारागीर केस कापायच्या आधी हवेतच कात्री चालवतो ना, तसा. मग वास आला. दहा दिवस ज्या नाकात फुलाचा वास शिरला नाही, त्या नाकात वास आला. गुडघ्याला चोळायच्या तेलाचा आणि वस्तऱ्याच्या चामडी पट्ट्याचा. हे तेल घरात आता कुणी लावत नव्हतं.

त्यानं डोळे उघडले नाहीत. तुम्हीही उघडले नसते.

गार बोटं कपाळावरून उतरली. कानाची पाळी. हनुवटीवरचा लहानपणचा व्रण. तिथं बोटं जरा रेंगाळली, ओळख पटल्यासारखी. मग वर आली आणि हवेत मिटली. उघडली. परत मिटली. आंधळा माणूस अंधारात कडी शोधतो, तशी.

मग अगदी कानाशी...

"हे गिऱ्हाईक कोण?... पोरगा कुठंय माझा?"

सलूनवाल्याच्या घशात "मी" आला. तिथंच अडकला. मी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग नाक कुठंय? लाज माणसाला भुतापेक्षा घट्ट धरते, बरं का.

पावलं भिंतीच्या कडेनं चाचपडत निघाली. जिन्याकडे. एक पायरी... दुसरी... मोजून चौदा. आणि वरून ताईचा आवाज आला, आश्चर्याचा नाही, आनंदाचा.

"बाबा?..."

तो उठला. कसा चढला ते त्यालाच माहीत. शेवटच्या पायऱ्या हातांवर रांगत गेला. ताई एकटीच पलंगाच्या कडेला बसलेली. नाकाचा शेंडा लाल, दोन्ही बाजूंना बोटांचे ठसे.

"बाबा आले होते रे," ती म्हणाली. "मला लगेच ओळखलं. तुला विचारत होते. मी म्हटलं, खालीच आहे. तर म्हणाले, खाली कुणी गिऱ्हाईक झोपलंय. पोरगा सापडू दे, मग तिघं बरोबरच जाऊ."

"कुठं जाऊ?"

"ते नाही सांगितलं."

तो तिथंच फरशीवर बसला. "ताई... मी पडलो नव्हतो गं."

सगळं सांगितलं. खाली बघून. रागावेल, रडेल, थोबाडीत देईल, याची तयारी त्यानं केली होती. ती म्हणाली, "दुखलं का रे फार?" मग थोड्या वेळानं, हळूच, "मला विचारायचंस तरी. दोघं गेलो असतो."

आणि साठ वर्षांत पहिल्यांदा तिनं आपलं नाक हातानं झाकलं.

त्यानंतर म्हातारा रोज दुपारी यायचा. सलूनवाला शहाणा झाला होता. आपण सापडलो की म्हातारा आपल्याला नि ताईला घेऊन निघणार, एवढं त्याला कळलं होतं. म्हणून हवेत चिमूट मिटली आणि "कोण?" आलं, की पोटच्या पोरानं डोळे मिटून सांगायचं, "गिऱ्हाईक." पावलं उदास होऊन परत जायची. असं रोज. बापाला रोज नाकारायचं, आणि मग हात धुऊन कामाला लागायचं.

थकवा काही जात नव्हता. एक दाढी, मग स्टुलावर दहा मिनिटं. गल्लीला तो म्हणायचा, "वय झालं हो." नवं नाक बघून गल्ली म्हणायची, "पडलास ते झकास पडलास!" तो हसायचा.

पंचविसाव्या दिवशी भर दुपारी एक परका माणूस आला. बस चुकली, म्हणाला, तेवढ्यात दाढी उरकू. तोंडाला बांधलेला रुमाल त्यानं सोडला, आतून लांबलचक नाक निघालं, आणि सलूनवाल्यानं नजर दुसरीकडे वळवली. लोक माझ्याकडे बघायचे तसं मी बघायचं नाही, एवढंच त्याच्या मनात. त्या माणसाच्या नाकाकडे बघायची त्याला लाज वाटली, म्हणून बघितलंच नाही. नुसता चाचपडत साबण लावला. फेस होईपर्यंत हात गळून गेले.

"दोन मिनिटं बसतो हं," तो म्हणाला.

"बसा की. मलाही डुलकी येतेय."

स्टुलावर त्याचे डोळे मिटले. किती वेळ, देव जाणे.

"अहो," खुर्चीतून माणूस म्हणाला. "नाक धरलंत ते ठीक. पण जरा हळू धरा. आणि 'सापडला' काय म्हणालात?"

सलूनवाला चार हात लांब होता. त्यानं आरशात बघितलं. फेसातून वर आलेलं नाक त्यानं आत्ता पहिल्यांदा नीट पाहिलं. पुढून, मागून, बाजूनं, तीस वर्षं पाहिलेलं, त्याचंच जुनं.

तो उठायला गेला. पाय उठेनात. "ताई..." म्हणाला, तो आवाज त्याच्या ओठांपुढं गेला नाही.

खुर्चीतल्या माणसानं मान वर केली, छताकडे बघितलं आणि विचारलं,

"तुमच्याकडे लहान मुलगी आहे का हो? वरून कुणीतरी 'आले, बाबा' म्हणाली."