नवव्या थांब्यावरची दोन मिनिटं

रेनो कांगस त्या संध्याकाळी आमच्याकडे आले ते मार्गांचे नकाशे द्यायला. पाच मिनिटांचं काम. पण सासूबाईंनी वेलदोड्याचा पाव कापायला घेतला, आणि तो समोर असताना उठून गेलेला माणूस या भागात मी तरी पाहिलेला नाही.

माझ्या लग्नाला तेव्हा तीन महिने झाले होते. ऑगस्टमध्ये आपल्या घरी लांडगे मोजणारी माणसं उतरतात, हे नवऱ्याने लग्नाआधी सांगितलं नव्हतं. रेनो ज्या संस्थेचं काम बघतात, तिला देणग्या मिळतात त्या पेट्रोलपुरत्या. स्वयंसेवकांच्या झोपण्या-जेवणाची सोय आमच्यासारख्यांनी करायची. त्या वर्षी दोघं आली होती, टेस आणि कोल, दोघंही कॉलेजातली. काम असं की रात्री जंगलातल्या कच्च्या रस्त्याने जायचं, दर मैलाला थांबायचं, लांडग्यासारखी हाळी द्यायची, आणि मग दोन मिनिटं अजिबात न बोलता उभं राहून किती जण उत्तर देतात ते लिहायचं. न बोलण्याची अट ऐकून नवऱ्याने लगेच माझं नाव सुचवलं होतं.

दहा वाजून गेले होते. टेसने हसत विचारलं, "त्या दोन मिनिटांत कुणी बोललं तर काय होतं हो?"

"तो थांबा रद्द," रेनो म्हणाले. "माझ्या ओळखीचा एक जण बोलला होता. व्हर्न साल्मी. आमचा शेजारी. त्याची बायको इर्मा. सव्वीस वर्षं दोघांनी एकच मार्ग केला, तळ्यामागचा. हाळी द्यायची ती इर्मा. व्हर्नच्या हातात घड्याळ आणि तक्ता. तिची हाळी अशी की मी दोनदा बंदूक घेऊन बाहेर आलोय."

"तीनदा," सासूबाई ओट्यापाशी होत्या, तिथूनच म्हणाल्या. "आणि एकदा अंगावर नुसती चड्डी होती."

"लॉरीन, गोष्ट कोण सांगतंय?"

सासूबाईंनी ओट्यावरचा दिवा घालवला. टेबलावरचा तेवढा राहिला.

"फेब्रुवारीत इर्मा गेली. सतरा दिवस दवाखान्यात होती. व्हर्न हलला नव्हता तिथून. अठराव्या दिवशी पहाटे कपडे बदलायला म्हणून घरी आला, आणि तेवढ्यात... बरं. त्याच उन्हाळ्यात पैसे देणाऱ्यांनी ठरवलं की ज्या मार्गावर लागोपाठ तीन वर्षं उत्तर नाही, तो बंद करायचा. त्यांचंही काही चूक नव्हतं. व्हर्नच्या मार्गावर दोन वर्षं शून्य. हे तिसरं. मी म्हटलं, मी येतो, हाळी मी देतो. तर म्हणाला, 'रेनो, तुझी हाळी ऐकली तर लांडगे जिल्हा सोडून जातील.' एकटाच गेला. मुलीने येऊन इर्माचं कपाट रिकामं केलं होतं. खुर्चीसुद्धा नेली. आता इर्माबरोबर जायची तेवढीच एक जागा उरली होती त्याला. तो रस्ता.

"दोन हजार एकोणीस. चौदा ऑगस्ट, बुधवार. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. वारा अजिबात नाही. एकूण दहा थांबे. आठ झाले. दर वेळी व्हर्नने हाळी दिली, खोकला आवरला, दोन मिनिटं थांबला, शून्य लिहिलं.

"नववा थांबा. बारा चाळीस. इंजिन बंद केलं, आपल्या बाजूने उतरला, तोंडाशी हात नेले. आवाजच निघेना. घसा पार बसलेला. नुसता उभा राहिला.

"तेव्हा पिकअपच्या पलीकडून हाळी आली."

कोल पाव चावत होता, तो चावायचा थांबला.

"खालून वर चढत जाणारी. शेवटी जराशी तुटणारी. सव्वीस वर्षं ऐकलेली."

"म्हणजे तुम्ही म्हणताय की..." टेसने सुरुवात केली.

"मी काही म्हणत नाही, पोरी. व्हर्नने सांगितलं ते सांगतोय." रेनोंनी कप बाजूला सरकवला. "तर त्याने काय करावं? घड्याळ चालू केलं.

"अर्धं मिनिट काही नाही. मग तळ्याकडून एक उत्तर. मग दुसरं. मग पिल्लं... पाच, सहा, किरकिरी, एकात एक. तो लिहीत होता. मार्ग वाचला होता.

"एक मिनिट.

"पलीकडे धुळीत काहीतरी सरकलं.

"त्याने मान वळवली नाही. सव्वा मिनिट. कुणीतरी श्वास घेत होतं. हाळी दिल्यावर दम लागतो ना... तसा.

"दीड मिनिट. पलीकडच्या दाराचा खटका वाजला. गाडीतला दिवा लागला.

"तीस सेकंद राहिली होती. तीसच.

"आणि व्हर्न बोलला."

फ्रिज घरघरत होता तोही तेवढ्यात बंद पडला. ते रोजचंच आहे, पण त्या वेळी कुणाला तसं वाटलं नाही.

"काय बोलला?" टेसने हळूच विचारलं.

"'इर्मा, स्वेटर घातलास का?'"

...

"बस्स. लांडगे गप्प. रातकिडे गप्प. दार अर्धवट उघडं, आत दिवा, आणि तिथे कुणी नाही. तो उभाच राहिला. दोन मिनिटं. मग आणखी दोन. पुढची त्याने मोजली नाहीत.

"तीन वाजता माझं दार वाजलं. व्हर्नने तक्ता पुढे केला. नवव्या थांब्यासमोर दोन मोठे, सहा पिल्लं, असं लिहिलेलं, आणि त्याच्यावर आडवी रेघ. शेजारी लिहिलं होतं, नोंद घेणारा बोलला, रद्द. मी म्हटलं, 'अरे, बघायला कोण आलं होतं? नवा कागद घे, रेघ न मारता लिही. मार्ग राहील तुझा.' तर म्हणाला, 'तिच्या हाळीला आलेलं उत्तर आहे, रेनो. त्यात मी खोटं घालणार नाही.' दहावा थांबा त्याने केलाच नाही. त्या सप्टेंबरात मार्ग बंद झाला."

सासूबाई हातातलं फडकं विसरून दारात उभ्या होत्या. त्यांनी ही गोष्ट आधी ऐकलेली असणार. तरी उभ्या होत्या.

"'कशाला बोललास?' मी त्याला विचारलं. विचारायला नको होतं." रेनोंनी चष्मा काढला, पुसला नाही, तसाच परत घातला. "म्हणाला, 'दवाखान्यात शेवटच्या वेळी मी नव्हतो ना. म्हटलं, आता तरी काहीतरी बोलावं.'"

नवऱ्याने टेबलाखालून माझा हात धरला. त्याचा हात गार होता. माझाही असेल.

"मग?" कोल म्हणाला.

"उजाडल्यावर आम्ही दोघं गेलो. नवव्या थांब्यावर रस्त्यात एक बादली पालथी घातलेली. ठसा सापडला की आम्ही तसंच करतो, पुसू नये म्हणून. रात्री गाडी हलवण्याआधी त्याने घातली होती, पलीकडच्या दाराखाली. मला म्हणाला, तू बघ. तो स्वतः गाडीतून उतरलासुद्धा नाही.

"मी उचलली."

"लांडग्याचा ठसा?" टेसने विचारलं. तिला तसं असायला हवं होतं, ते दिसत होतं.

"बाईचं पाऊल. डावं. बुटाचं नाही. सगळ्या तळव्यावर बारीक ठिपके, ओळीने. दवाखान्यात पेशंटला मोजे घालतात बघ, घसरू नये म्हणून खाली रबराचे ठिपके असलेले...

"एकच पाऊल. मागे लांबपर्यंत धुळीत दुसरा ठसा नाही. पुढे काही नाही. रात्री दार होतं तिकडे बोटं. आणि टाच जेमतेम उमटलेली, चवडा चांगला खोल. चाळीस वर्षं ठसे बघतोय मी. गाडीत चढायला दुसरा पाय उचलला की पडतो... तसा."